दंड वाढला, वेग उतरला का?

हायवेवर समोरून येणारी गाडी दोनदा डिपर देते. याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो: पुढे पोलीस उभे आहेत, हळू घे. काटा ऐंशीवरून साठवर येतो, स्पीडगन मागे पडते आणि दोन किलोमीटरमध्ये काटा पुन्हा होता तिथे. कायदा कडक केला की रस्ते सुरक्षित होतात का, याचं निम्मं उत्तर या डिपरमध्येच आहे. पण आधी काही समज खोडायला हवेत, कारण त्यांच्यापायी माणसं जातात.

‘वेगाने कोणी मरत नाही, गाडी चालवता न येणारे मरतात.’ हा सगळ्यांत लाडका समज. हात कितीही बसलेला असो, धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीडेक सेकंद जातोच. साठच्या वेगात तेवढ्यात गाडी 25 मीटर पुढे गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला, तर आणखी साधारण 20 मीटरवर ती थांबते. आता शेजारून तशीच गाडी ऐंशीने चालली आहे आणि रस्त्यात धावलेलं मूल दोघांनाही एकाच क्षणी दिसलं, असं धरा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरीचा वेग अजून ताशी 65 च्या आसपास असतो. काट्यावर बोटभर दिसणारा वीसचा फरक त्या मुलाच्या जिवाएवढा असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, सरासरी वेग 1 टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका 4 टक्क्यांनी वाढतो. तेव्हा वेगावर मर्यादा हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

‘मग दंड दसपट करा, सगळे सरळ होतील.’ 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने कारचालकाचा अतिवेगाचा दंड 400 रुपयांवरून 1,000 ते 2,000 रुपयांवर नेला. तरी 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, 2019 पेक्षा जास्त. दंडाच्या रकमेपेक्षा धाक असतो तो सापडण्याच्या खात्रीचा. आपल्याकडे चलान मोबाइलवर येतं आणि लोकअदालतीत सवलत मिळेल म्हणून तसंच पडून राहतं. फ्रान्सने 2003 पासून रस्त्यांवर स्वयंचलित कॅमेरे बसवले. 2002 मध्ये तिथे सात हजारांवर बळी गेले होते, 2010 मध्ये तो आकडा चार हजारांच्या आत आला. सगळं श्रेय कॅमेऱ्यांचं नाही, पण मोठा वाटा त्यांचाच. दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर किती वेळात कापलं, यावरून सरासरी वेग काढला तर डिपरही उपयोगाचा राहत नाही.

‘जर्मनीत तर मर्यादाच नाही.’ तिथल्या गावांत 50 ची मर्यादा आहे. ऑटोबानच्या मोठ्या भागावर ती नाही हे खरं, पण त्या रस्त्यावर पादचारी नाहीत, उलट्या दिशेने येणारी दुचाकी नाही, मधोमध बसलेली गाय नाही.

शेवटचा समज पोलिसांच्या कागदातून येतो. 2022 च्या सरकारी अहवालात 71 टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग असं आहे. पण ‘हयगयीने, भरधाव वेगाने’ हे शब्द फिर्यादीत इतके ठरलेले असतात की, रस्त्याची चूक कागदावर येतच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जण गेले. त्यानंतर कडेला उघडे पडलेले काँक्रीटचे खांब कठड्यांनी झाकले, गस्त वाढवली, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, रुग्णवाहिका लवकर पोहोचाव्यात अशी सोय केली. 2019 मध्ये आकडा 92 वर आला. तोही फार मोठा आहे, पण वाचलेली माणसं खरी आहेत.

आणि बोरघाट उतरणारा ट्रक? डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केलेली, भार सगळा ब्रेकवर, लायनर जळल्याचा वास मागच्या गाडीतही येतो. ते ब्रेक निकामी झाले की वेगमर्यादेची पाटी त्याला थांबवू शकत नाही. त्याला खालच्या गिअरमध्ये घाट उतरण्याची सवय लागते, मर्यादेतलं वजन लागतं आणि उतार लागण्याआधी ब्रेक तपासायला थांबण्याची जागा लागते.