पावतीवरचा नंबर

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मिक्सर घ्यायला गेले होते. किंमत ठरली, खोकं उघडून भांडी दाखवून झाली आणि पैसे द्यायच्या वेळी दुकानदारानं आवाज जरा खाली आणून विचारलं, "ताई, पक्कं बिल हवंय का? नसेल तर कच्च्यावर देतो, टॅक्सचे पैसे वाचतील तुमचे." मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, वाचणारी रक्कम सातशेच्या घरातली होती. मी कच्च्यावर घेतला. हातात आला एक चिटोरा, पेनानं लिहिलेला आकडा, खाली ना सही ना शिक्का. मार्चमध्ये मिक्सर बंद पडला तेव्हा दुरुस्ती केंद्रात पहिला प्रश्न आला, "बिल आणलंय का?"

माझं नुकसान दुरुस्तीच्या खर्चाएवढं. पण त्या चिटोऱ्यानं सरकारी तिजोरीलाही खार लावला होता, आणि तो दुकानदारानं आणि मी मिळून लावला होता. ही गोष्ट मला मिक्सरपेक्षा जास्त लागून राहिली. घरी वडिलांची एक तार होती, खाली लाकडी ठोकळा आणि वर आकडा. किराणा, वीज, दवाखाना, सगळ्या पावत्या तिच्यात टोचलेल्या असायच्या. त्या घरात वाढलेल्या मुलीला बिल मागायचं का सुचलं नाही?

उत्तर कराच्या रचनेतच आहे. जीएसटीसारखा कर साखळीनं चालतो. किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून पक्कं बिल घेतो, कारण तिथे भरलेला कर त्याला पुढच्या करातून वळता करून मिळतो. घाऊक व्यापारी कारखानदाराकडून त्याच कारणासाठी बिल घेतो. साखळीतला प्रत्येक जण आपल्या मागच्यावर पहारा ठेवतो, कारण त्यात त्याचे पैसे अडकलेले असतात. सगळ्यात शेवटी आपण, घरी वापरायला वस्तू नेणारे. आपल्याला काहीच वळतं होत नाही. उलट बिल न घेण्यातच फायदा दिसतो. साखळी सुटते ती इथे, दुकानाच्या काउंटरवर, आणि प्रत्येक काउंटरवर निरीक्षक उभा करणं कुठल्याही सरकारला परवडणारं नाही.

तैवाननं हा निरीक्षक 1951 साली शोधला. चीनच्या मुख्य भूमीवरचं यादवी युद्ध हरलेलं सरकार 1949 मध्ये त्या बेटावर आलं होतं, सोबत लाखो निर्वासित आणि सैनिक. खर्च अफाट, करवसुली तोकडी. प्रांताचे अर्थप्रमुख रेन श्यानछुन यांनी नियम केला की विक्रीची पावती सरकारनं ठरवलेल्या एकाच नमुन्यात द्यायची आणि प्रत्येक पावतीवर नंबर असायचा. मग त्याच नंबरांची सोडत काढायची. पावती हेच तिकीट. वेगळे पैसे मोजायचे नाहीत, फक्त दुकानदाराकडे पावती मागायची. पहिल्याच वर्षी विक्रीवरच्या कराचं उत्पन्न 2 कोटी 90 लाख तैवानी डॉलरवरून 5 कोटी 10 लाखांवर गेलं.

ही सोडत आजही चालू आहे आणि तिथल्या घराघरांत रुळली आहे. पावतीवर दोन रोमन अक्षरं आणि पुढे आठ आकडे. दर विषम महिन्याच्या 25 तारखेला आधीच्या दोन महिन्यांचे आकडे निघतात. आठही आकडे खास क्रमांकाशी जुळले तर एक कोटी तैवानी डॉलर. तशी शक्यता दहा कोटींत एक. पण मला या योजनेचा जीव तिच्या दुसऱ्या टोकाला दिसतो. पहिल्या बक्षिसाचे तीन क्रमांक जाहीर होतात आणि त्यांतल्या कुठल्याही एकाचे शेवटचे तीन आकडे जुळले तरी दोनशे डॉलर मिळतात. म्हणजे हजार पावत्यांमागे सुमारे तीन. दोन महिन्यांत एखाद्या कुटुंबाकडे दोन-तीनशे पावत्या साठत असतील, तर वर्षाकाठी चार-पाच वेळा तरी त्या घरात कुणीतरी "लागलं!" म्हणून ओरडणार. एक कोटीचं बक्षीस वर्तमानपत्रात छापून येतं. दोनशेचं बक्षीस शेजारणीला लागतं, आणि लोकांना बिल मागायला शिकवतं ते शेजारणीचं बक्षीस.

दुकानांत पावत्या टाकायच्या पेट्याही असतात. ज्याला आकडे तपासत बसायचं नाही तो आपली पावती त्यात टाकतो, ती एखाद्या सेवाभावी संस्थेकडे जाते आणि नंबर लागला तर पैसे संस्थेला. अलीकडे बहुतेक पावत्या फोनमध्येच जमा होतात, कागद न घेणाऱ्यांसाठी वेगळी बक्षिसं आहेत.

असे उपाय खरंच कामी येतात का, की लोक नुसतेच आशेवर राहतात? याचं मोजून दिलेलं उत्तर ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यातून आलं. तिथे 2007 पासून ग्राहकानं बिलावर आपला करदाता क्रमांक घालून घेतला तर कराचा काही भाग त्याला परत मिळू लागला, आणि खरेदीच्या रकमेनुसार सोडतीत नावही जाऊ लागलं. दुकानदारानं बिल नोंदवलंच नाही, तर ग्राहक ते संकेतस्थळावर पाहून तक्रार करू शकत होता. अर्थतज्ज्ञ जोआना नारितोमी यांनी या योजनेचा अभ्यास केला. चार वर्षांत किरकोळ दुकानांनी जाहीर केलेली विक्री किमान 21 टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना आढळलं. एखादं लहानसं बक्षीस लागलेला माणूस पुढे आणखी बिलं मागू लागतो, हेही दिसलं. तैवानच्या दोनशे डॉलरांची ती दुसरी साक्ष.

आपल्याकडे काय झालं? नोटाबंदीनंतर 25 डिसेंबर 2016 ते 14 एप्रिल 2017 या काळात केंद्रानं 'लकी ग्राहक योजना' चालवली. 50 ते 3,000 रुपयांपर्यंतचे डिजिटल व्यवहार करणाऱ्यांपैकी रोज पंधरा हजार जणांना हजार-हजार रुपये. शेवटच्या मोठ्या सोडतीतलं एक कोटीचं बक्षीस महाराष्ट्रात आलं. लातूरच्या एका विद्यार्थिनीनं मोबाइलचा 1,590 रुपयांचा हप्ता रुपे कार्डावरून भरला होता. नागपूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते ते बक्षीस दिलं गेलं. मला त्या बातमीतला 1,590 हा आकडाच आठवत राहतो. तो हप्ता तिनं तसाही भरलाच असता.

पुढची पायरी पावतीची. 1 सप्टेंबर 2023 पासून वर्षभराचा प्रयोग म्हणून 'मेरा बिल मेरा अधिकार' सुरू झालं. आसाम, गुजरात, हरियाणा, पुद्दुचेरी आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव इथल्या दुकानांची किमान दोनशे रुपयांची बिलं, महिन्याला जास्तीत जास्त पंचवीस, ॲपवर चढवायची. दर महिन्याला दहा हजारांची 800 बक्षिसं, दहा लाखांची 10, आणि तीन महिन्यांनी एक कोटीची दोन. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

कागद-पेन घेऊन हिशेब मांडला तर महिन्याचे होतात 1 कोटी 80 लाख, वर्षाचे सगळे मिळून साधारण तीस कोटी. सरकारच्या दृष्टीनं रक्कम किरकोळ. माझी हरकत तिच्या वाटणीला आहे. संपूर्ण योजनेत महिन्याला 810 विजेते, एवढ्या मोठ्या राज्यांमध्ये. त्यातलं एकही बक्षीस तिथल्या एखाद्या गल्लीत येण्याची शक्यता जवळपास शून्य. शिवाय बिलाचा फोटो काढा, ॲपवर चढवा, ही सगळी खटपट ग्राहकाच्या माथी. तैवानमध्ये बिल हातात पडलं की काम संपलं. दहा लाखांच्या एका बक्षिसात पाचशे रुपयांची दोन हजार बक्षिसं बसतात, आणि मग आळीआळीत एकेक शेजारीण सापडेल.

लहान बक्षिसाइतकीच ताकद आशेत आणि हळहळीत आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की अगदी लहान शक्यतेला माणूस तिच्या वकुबापेक्षा जास्त वजन देतो. पेनसिल्वेनिया विद्यापीठात केव्हिन व्होल्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उपयोग रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीसाठी केला. ही गोळी चुकवली तर गुठळीचा धोका, जास्त झाली तर रक्तस्रावाचा. रुग्णांसाठी रोज सोडत. पाचांत एक शक्यता दहा डॉलरची, शंभरात एक शंभर डॉलरची. अट एकच, त्या दिवशीची गोळी घेतलेली असली पाहिजे. न घेतलेल्याचा नंबर लागला तर त्याला तसं कळवलं जायचं, पैसे मिळायचे नाहीत, नुसती हळहळ. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत गोळ्यांची चुकामूक 22 टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आली. नंतरच्या मोठ्या चाचणीत मात्र एकूण रुग्णांत तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून औषधाच्या बाबतीत मी या युक्तीवर सरसकट विसंबणार नाही. तरीही आफ्रिकेतल्या लेसोथोतला निकाल विसरता येत नाही. लैंगिक संसर्ग नसल्याचं तपासणीत दिसलं तर सोडतीत नाव, अशा योजनेतल्या तरुणांमध्ये दोन वर्षांत एचआयव्हीची नवी लागण पाचव्या हिश्शानं कमी झाली.

यातली कुठलीही योजना तपासताना मी एक प्रश्न विचारते. ज्याचा नंबर लागला नाही, त्याचं काय गेलं?

पावतीच्या सोडतीत त्याचं काहीच गेलेलं नसतं, वॉरंटीचा कागद उलट हातात राहतो. आपल्या बायकांची चिठ्ठीची भिशी याच जातीची. बारा जणी, दर महिन्याला ठरलेली रक्कम, डब्यात चिठ्ठ्या आणि कुणाच्या तरी लहानग्याचा हात. "काकू, तुमची निघाली!" पण अकरा जणींचे पैसे कुठे जात नाहीत. नशीब फक्त क्रम ठरवतं. कुणाला जूनमध्ये मुलाच्या फीसाठी मिळतात, कुणाला मार्चमध्ये. ब्रिटिश सरकारनं 1956 मध्ये काढलेले प्रीमियम बाँड याच तत्त्वावर उभे आहेत. मुद्दल शाबूत, व्याजाच्या जागी सोडत. नंबर काढणारं पहिलं यंत्र, 'अर्नी', लंडनच्या डॉलिस हिलमधल्या त्याच प्रयोगशाळेत बनलं जिथे दुसऱ्या महायुद्धात सांकेतिक संदेश फोडणारं 'कोलोसस' बनलं होतं. भारत सरकारनंही 1960 मध्ये पाच आणि शंभर रुपयांचे बिनव्याजी इनामी रोखे विकले होते.

तिकिटाच्या लॉटरीला हा प्रश्न विचारला की उत्तर बदलतं. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून चालू आहे. मटक्यात जाणारा पैसा सरकारी मार्गानं लोकहिताकडे वळावा हा हेतू समजण्यासारखा होता. पण तिथे हरणाऱ्याच्या खिशातून तिकिटाचे पैसे गेलेले असतात, आणि ते खिसे बहुधा रिकाम्याकडे झुकलेले.

काही ठिकाणी बक्षीस लावणंच गैर. 2011 मध्ये राजस्थानातल्या झुंझुनू जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यांसाठी सोडतीत नॅनो मोटार ठेवली होती. बिल मागण्याचा निर्णय दुसऱ्या दिवशी बदलता येतो, शरीरावरची शस्त्रक्रिया परत फिरवता येईलच असं नाही. गरजू माणसाला असा निर्णय मोटारीच्या आशेवर घ्यायला लावणं मला अन्यायच वाटतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यानं 2021 मध्ये कोविडची लस घेणाऱ्यांसाठी दहा-दहा लाख डॉलरची पाच बक्षिसं ठेवली. त्यांचा गाजावाजा जगभर झाला, पण नंतर केलेल्या तुलनेत लसीकरण त्यामुळे वाढल्याचा पुरावा सापडला नाही. लोक लस टाळत होते भीतीपोटी, अविश्वासापोटी. बिल मागायला आपण नुसता कंटाळा करतो. कंटाळ्यावर सोडतीची मात्रा चालते, भीतीवर डॉक्टरांचं बोलणं.

आणि एक सोडत अशी, जिथे माझा प्रश्न फार जड होतो. जून 2012 मध्ये म्हाडानं मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. अर्जदार लाखाच्या वर. 1982 च्या संपानंतर तीस वर्षं उलटलेली, कित्येकांच्या जागी वारसांनी अर्ज भरलेला. सगळ्यांचा हक्क सारखा असताना वशिल्यापेक्षा चिठ्ठी शंभर पटींनी बरी, याबद्दल दुमत नको. सरपंचपदाचं आरक्षण, शिक्षणहक्काच्या 25 टक्के जागा, तिथेही आपण चिठ्ठीवरच विश्वास ठेवतो. पण इथे ज्याचा नंबर लागला नाही, त्याचं हक्काचं घर गेलं, त्याच जमिनीवरचं, जिथे त्यानं किंवा त्याच्या बापानं पाळ्या केल्या. चिठ्ठी घरांची वाटणी करू शकते, घरांची संख्या वाढवू शकत नाही.

पावतीची गोष्ट त्यामानानं सोपी आहे, म्हणूनच ती होत नाही याचा मला राग येतो. बिलावर नंबर आहेच. तारीख ठरवायची, लहान बक्षिसं भरपूर ठेवायची आणि शेवटचे तीन आकडे वर्तमानपत्रात छापायचे.

दर वर्षी 25 नोव्हेंबरला तैवानमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावत्यांचे आकडे निघतात. आपण दसऱ्याला केलेल्या खरेदीचे ते दिवस. यंदा त्या दिवसांत मी एक कुकर, दोन साड्या आणि एक पंखा घेतला. तिन्ही दुकानांत पक्कं बिल मागितलं. दोघांनी लगेच दिलं, तिसऱ्यानं बिलपुस्तक शोधायला दहा मिनिटं लावली. तिन्ही बिलं वडिलांच्या तारेत टोचून ठेवली आहेत.