देव आधी, सामान मागून

पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. धरणाच्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. त्या पाण्याखाली अनेक गावे गेली आणि तेथील कुटुंबांना आपला उंबरठा कायमचा सोडावा लागला. तेव्हा पंचविशीत असलेल्यांनी आज पंच्याहत्तरी ओलांडली आहे. त्यांपैकी कित्येकांवर पुन्हा घर सोडण्याची वेळ येते. या वेळी कारण पाणी नव्हे, वार्धक्य असते. शेती झेपत नाही, जोडीदार उरलेला नसतो. मग छत्रपती संभाजीनगरात, सिडको किंवा गारखेड्यात, मुलाच्या वा मुलीच्या घरी यावे लागते.

अशा वेळी घरची मंडळी म्हणतात, "देवावर विश्वास आहे ना? मग डोळ्यांत पाणी कशाला?" हेतू चांगला असतो, पण त्याने ज्येष्ठांचे मन मोकळे होण्याऐवजी मिटते. श्रद्धा आणि दुःख एकमेकांचे वैरी नाहीत. आईवडिलांचे छत्र हरपलेली ज्ञानदेवादी भावंडे आळंदीहून शुद्धिपत्रासाठी पैठणला आली व पुढे नेवाशाला गेली, असे परंपरा सांगते. नेवाशातच १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. विश्वासाने त्यांची वाट सोपी झाली नाही. त्या वाटेवर चालण्याचे बळ मात्र मिळाले.

हे बळ रोजच्या नेमातून येते. नव्या घरात सामानाआधी कलश आणि देव नेण्याची आपली रीत म्हणूनच मोलाची आहे. ज्येष्ठांचा देव्हारा पहिल्याच दिवशी मांडावा. पूजा, हरिपाठ, चहा, जेवण आणि औषधे यांच्या वेळा शक्यतो पूर्वीच्याच ठेवाव्यात. ओळखीचा क्रम मिळाला की अनोळखी भिंतींची धास्ती कमी होते. पलंगापासून शौचालयापर्यंत रात्री मंद दिवा ठेवावा, सुट्या सतरंज्या उचलाव्यात. नव्या जागी अंधारात पडण्याचा धोका मोठा असतो. स्मृतिभ्रंश असेल तर दारांवर ठळक खुणा लावाव्यात.

मात्र सारेच जागाबदलावर ढकलू नये. अचानक गोंधळणे, माणसे न ओळखणे वा सतत ग्लानीत राहणे यामागे जंतुसंसर्ग, क्षारांचे असंतुलन किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. उदासी, अन्नावरची अनिच्छा वा निद्रानाश दोन आठवडे टिकला, तरीही सल्ला घ्यावा. उपचार घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे.

नाथषष्ठीची गर्दी ओसरली की त्यांना एकदा पैठणला न्यावे. नाथांचे दर्शन झाल्यावर जलाशयाच्या काठी बसवावे. पाण्याकडे बोट दाखवून ते आपले गाव सांगू लागतील. तेव्हा समजूत घालू नये, फक्त ऐकावे.