अधिक महिन्याला नकार

या आठवड्यात खलिफा उस्मान यांच्या निवडीबद्दल लिहायचं ठरलं होतं. पण त्यांच्या आधीचे खलिफा उमर यांच्या दिवाणावरचा, म्हणजे भत्त्यांच्या नोंदवहीवरचा, लेख वाचून एका वाचकांनी पत्र पाठवलं आणि बेत फिरला. ते विचारतात, महिने आपलेही चंद्राचेच. मग दिवाळी पावसाळा सरल्यावरच येते आणि ईद मात्र वर्षभर फिरते, हे कसं? मुसलमानांच्या कालगणनेत अधिक महिना नाही का?

होता, असं बरेच अभ्यासक मानतात. इस्लामपूर्व अरब त्या प्रथेला 'नसी' म्हणत. बनू किनाना टोळीतल्या एका घराण्याकडे तिचा वंशपरंपरेचा मान होता. हजला जमलेल्या लोकांपुढे त्या घराण्यातला माणूस पुढच्या वर्षाचा निर्णय जाहीर करी. तो नेमकं काय करी, यावर वाद आहे. हज व्यापाराच्या हंगामात राहावी म्हणून महिना वाढवत, असं काही जण म्हणतात. काहींच्या मते युद्धबंदीचा मोहरम पुढे ढकलून सफरावर नेत, म्हणजे मधल्या काळात लुटालुटीला रान मोकळं. मला दुसरं जास्त पटतं, कारण कुराणाच्या नवव्या सुऱ्यातला राग पवित्र महिन्यांच्या अदलाबदलीवर आहे. महिने बारा, त्यातले चार पवित्र, ढवळाढवळ बंद. इ.स. ६३२ च्या निरोपाच्या हजमध्ये पैगंबरांनी तेच पुन्हा बजावलं.

उमर यांनी पुढे हिजरतीपासून, म्हणजे पैगंबरांच्या मदिनेला झालेल्या स्थलांतरापासून, सन मोजायला सुरुवात केली, तेव्हा वर्ष शुद्ध चांद्रच राहिलं. दिवस ३५४ किंवा ३५५, म्हणजे ऋतूंच्या मानानं ११ दिवस कमी. सुमारे ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. उपासाचं ओझं कोणा एका प्रदेशावर कायमचं पडत नाही, हा त्यातला मोठा गुण.

पंचाईत झाली ती खजिन्याची. पीक काही चंद्र बघून पिकत नाही. म्हणून इराक-इराणात सारा जुन्या इराणी नौरोजावर वसूल होई. पण त्या वर्षाचे दिवस सरसकट ३६५, आणि सासानी राज्य गेल्यावर त्यातली दुरुस्तीही थांबलेली. नौरोज हळूहळू अलीकडे सरकला आणि शेत हिरवं असतानाच वसुलीवाला दारात उभा राहू लागला. मध्ययुगीन विद्वान अल बिरुनी सांगतो, की जमीनदारांनी नौरोज पुढे ढकलण्याची विनंती केली तेव्हा उमय्या खलिफा हिशाम कचरला. ही नसीच ठरली तर? त्या भीतीपायी कुणब्यानं कच्च्या पिकावर सारा भरायचा! अब्बासी मुतवक्किलनं हुकूम काढला, पण ८६१ मध्ये त्याचा खून झाला आणि काम राहिलं. अखेर ८९५ मध्ये मुतझिदनं नौरोज ११ जूनवर नेऊन बसवला.

हीच अडचण दख्खनमध्ये आली तेव्हा इथल्या कारभाऱ्यांनी झकास तोड काढली. महंमद तुघलकाच्या काळात, इ.स. १३४४ पासून, शुहूर सन सुरू झाला असं मानतात. हिजरी आकडा त्या वर्षीचाच, ७४५, ठेवला. पण वर्ष मृगापासून मोजायचं. मराठी दफ्तरांत तोच चालला. कागदावर 'सु॥ खमस सबैन व अलफ' दिसतं: पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. शेजारी 'छ' घालून चंद्राची तारीख आणि रज्जब-शाबानसारखा हिजरी महिना. वर्ष सूर्याचं, तारीख चंद्राची! त्यामुळे एकाच शुहूर वर्षात काही तारखा दोनदा येतात आणि नवखा संशोधक हमखास चकतो.

घरी असा जुना मोडी कागद असेल तर शुहूर सनात ५९९ मिळवा, इसवी सन मिळेल. तारीख जानेवारी ते मृग लागेपर्यंतची असेल तर ६००. उस्मान पुढच्या आठवड्यात.