नसबंदीनंतर बोका भटकायचा थांबतो का?
बहुतेक थांबतो, पण नेहमीच लगेच नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये हार्ट आणि बॅरेट यांनी नसबंदी केलेल्या ४२ बोक्यांच्या नोंदी तपासल्या. भटकणाऱ्या बोक्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांचे भटकणे कमी झाले. त्यांतल्या बऱ्याच जणांना मात्र वेळ लागला. मालकांनी एवढा धीर धरायलाच हवा. माजावरच्या मांजरीमागे रात्रभर पत्र्यांवरून हिंडणारा बोका कान फाटून, चावा पिकून परततो. मुख्यतः अशा चाव्यांतून मांजरांचा एफआयव्ही विषाणू पसरतो. बोका पाच-सहा महिन्यांचा झाला की परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे चौकशी करा. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून पिल्ले होऊ शकतात, तोवर त्याला मांजरीपासून दूरच ठेवा. खाणेही मोजूनच द्या, वजन चटकन वाढते.