कर्करोगाची रसद तोडणारे संशोधन

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर औषध सुरू होते आणि डॉक्टर घरच्यांना बजावतात, ‘रक्तदाबाची नोंद रोज ठेवा.’ गाठ आतड्यात असताना लक्ष रक्तदाबावर कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सहा दशकांपूर्वीच्या एका प्रयोगापासून सुरू होते.

१९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा येथील वैद्यकीय केंद्रात ज्युडा फोकमन हे तरुण शल्यविशारद काम करीत होते. फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्यासह त्यांनी प्राण्याची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर जिवंत ठेवली व तिच्यात कर्करोगाच्या पेशी सोडल्या. पेशींच्या गाठी झाल्या. परंतु एक-दोन मिलिमीटरच्या पुढे त्या वाढेनात. त्याच गाठी उंदरांच्या शरीरात ठेवताच मात्र झपाट्याने फोफावल्या. फरक होता तो रक्तवाहिन्यांचा. जिवंत शरीरात गाठीभोवती नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे तयार होत होते.

यावरून फोकमन यांनी १९७१ मध्ये आपला सिद्धान्त मांडला : गाठ स्वतःच रासायनिक निरोप धाडून रक्तवाहिन्या बोलावून घेते, ही रसद तोडली, तर तिची वाढ रोखता येईल. अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर दीर्घकाळ अविश्वास दाखविला. तो निरोप नेमका कोणता, हे हळूहळू उलगडत गेले. १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्व्होराक व सहकाऱ्यांनी गाठीतून स्रवणारे आणि रक्तवाहिन्या पाझरायला लावणारे एक प्रथिन वर्णिले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या पेशींची वाढ घडविणारे प्रथिन वेगळे काढले. दोन्ही एकच निघाली. हेच ‘व्हीईजीएफ’.

गाठ वाढू लागली की तिच्या आतल्या पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. त्या पेशी व्हीईजीएफ स्रवतात. जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावरील पेशींना ते चिकटले की तेथून नवे अंकुर फुटतात आणि गाठीच्या दिशेने वाढतात. बेव्हॅसिझुमॅब हे औषध व्हीईजीएफला वाटेतच पकडते. अमेरिकेत २००४ मध्ये, पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी, केमोथेरपीच्या जोडीने त्याला मान्यता मिळाली. मुख्य चाचणीत रुग्णांच्या हयातीचा मध्यक १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेला.

हा लाभ खरा आहे. पण म्हणजे रोग समूळ बरा होतो असे नव्हे. एक वाट बंद झाली की कर्करोग दुसरी शोधतो, शिवाय प्रत्येक कर्करोगात लाभ सारखा नसतो. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता अमेरिकेने २०११ मध्ये काढून घेतली. म्हणून ‘या औषधाने नेमके काय साधेल?’ हा प्रश्न डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा.

घरच्यांनी काय पाहावे?

व्हीईजीएफ हे निरोगी शरीराचेही प्रथिन आहे. ते रक्तवाहिन्या सैल ठेवते, मूत्रपिंडाच्या गाळणीला आधार देते व जखम भरून काढते. ते अडविले की रक्तदाब चढू शकतो, लघवीतून प्रथिन जाऊ शकते आणि जखमा भरण्यास विलंब होतो. म्हणून :

• रक्तदाब ठरावीक वेळी, बसून, शांतपणे मोजावा आणि वहीत लिहावा. तो चढला तर डॉक्टरांना कळवावे. औषध मनाने बंद करू नये.

• सांगितलेली लघवीची तपासणी चुकवू नये.

• दात काढणे किंवा कोणतीही शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध साधारणपणे किमान चार आठवडे थांबवितात.

• पूर्वी पक्षाघात किंवा हृदयविकार झाला असल्यास उपचार सुरू होण्याआधीच सांगावे.

• पोटात अचानक तीव्र कळ, न थांबणारा रक्तस्राव, छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा एका पायाला सूज आल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

उतारवयात दृष्टिपटलाखाली पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या वाढून नजर अधू होते, तेव्हा डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शनेही याच व्हीईजीएफला अडवितात. आपल्या घरी कोणी ती घेत असेल, तर फोकमन यांच्या त्या जुन्या प्रयोगाचे फळ आपल्यापर्यंत पोहोचलेच आहे. फोकमन २००८ मध्ये निवर्तले. तत्पूर्वी ही दोन्ही प्रकारची औषधे रुग्णांच्या हाती आलेली त्यांना पाहता आली.