गिअरची सायकल सिंगल स्पीड करताय? आधी चेनकडे बघा

हात ग्रीसने माखलेले असताना ऑडिओ मागेपुढे करता येत नाही, म्हणून हा एपिसोड लिहूनही ठेवतोय.

सुरुवात माझ्या गुडघ्यापासून. कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ, मी सीटवरून उठून पॅडल मारतोय, मागे बस. खाडकन आवाज झाला, चेन दातांवरून उडाली, पाय एकदम खाली गेला आणि गुडघा हँडलवर आपटला. पडलो नाही, हे नशीब. सायकल सिंगल स्पीड केल्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सिंगल स्पीड म्हणजे फिक्सी नव्हे. फिक्सीमध्ये चाक फिरतंय तोवर पॅडलही फिरत राहतं. सिंगल स्पीडला फ्रीव्हील असतं, उतारावर पाय आरामात थांबवता येतात. ब्रेकही दोन्ही जागच्या जागी. थोडक्यात, दूधवाल्याची सायकल! आमच्या गल्लीतले सायकलवाले काका तर म्हणाले, "गिअरचे जास्तीचे पैसे दिलेस, आता ते काढायचेही देणार?"

बोलणं खरं होतं. पण माझं मागचं डिरेलर दर पावसाळ्यात चिखल खाऊन रुसायचं, आणि मागच्या सात गिअरपैकी मी वापरायचो दोनच.

तुम्हाला हे झेपेल का, ते फुकटात कळतं. आठवडाभर एकाच गिअरवर ऑफिसला किंवा कॉलेजला जा, चढ आला तरी बदलायचा नाही. जमलं, तर त्या गिअरचे दात मोजा. माझे निघाले पुढे ३४, मागे १८. भागाकार १.८९, म्हणजे पॅडलच्या एका फेरीत चाकाच्या जवळजवळ दोन फेऱ्या. २६ इंची चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर धरला, तर एका फेरीत सायकल ३.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या की ताशी १६ किलोमीटर. मागे १६ दात घेतले तर हाच आकडा १८ होतो, पण चढावर दम निघतो.

आता फ्रेम बघा. मागच्या चाकाचा ॲक्सल ज्या खाचेत बसतो, ती आडवी आहे की उभी? आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. उभी असेल तर चाक सरकत नाही, मग वेगळा चेन टेन्शनर लावावा लागतो. डिरेलर गेलं की चेन ताणून धरणारं दुसरं काहीच उरत नाही, म्हणून हे आधी बघायचं, पार्ट नंतर घ्यायचे. माझी स्टीलची फ्रेम, खाच आडवी.

सात गिअरचं जुनं फ्रीव्हील काकांनीच काढलं. ते आट्यांवर बसतं आणि आपण पॅडल मारू तसं आणखी घट्ट होत जातं, त्यामुळे योग्य रिमूव्हर आणि लांब पाइप लागतोच. खरी गंमत पुढे. नवं एकेरी फ्रीव्हील हबवर पार आत जाऊन बसतं, आणि पुढच्या चक्राच्या रेषेत येत नाही. चेन तिरकी धावते, आवाज करते, केव्हातरी उतरते. काकांनी ॲक्सलचे स्पेसर उजवीकडून काढून डावीकडे टाकले. हब उजवीकडे सरकला, मग तारा कमीजास्त आवळून रिम पुन्हा मधोमध आणली. दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण आता जास्त सारखा आहे, त्यामुळे चाक उलट मजबूतच झालं. हे काम मी घरी केलं नसतं, तुम्हीही पहिल्यांदा करू नका.

मग गुडघा का फुटला? कारण माझा कंजूसपणा. फ्रीव्हील नवं घेतलं आणि जुनीच चेन कापून लावली. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. वापरून वापरून पिना झिजतात आणि चेन लांबते. जुन्या झिजलेल्या दातांशी तिचं जुळलेलं असतं. नव्या दातांवर ती नीट बसत नाही, जोर पडला की उडी मारते. पट्टी लावून बघा: एका पिनेपासून १२ इंचांवर पिनच यायला हवी. ती एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास पुढे गेली असेल, तर चेन बदला. माझी त्याच्या दुप्पट पुढे होती. कोड रिव्ह्यूमध्ये दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, चार दिवस पट्टी लावायचा आळस केला!

नवी चेन मधोमध वरखाली मिळून साधारण अर्धा इंच हलायला हवी. पण पॅडल फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा, कारण पुढचं चक्र अगदी गोल नसतं आणि चेन कुठे घट्ट, कुठे सैल लागते. सगळ्यात घट्ट जागीही ती थोडी हललीच पाहिजे. मग दोन्ही नट कचकचून आवळा. उजवा नट सैल राहिला तर जोर लावल्यावर चाक त्या बाजूने पुढे ओढलं जातं आणि टायर फ्रेमला घासतो.

आणि हो, काढलेलं डिरेलर, शिफ्टर, केबल सगळं एका डब्यात ठेवा. घर बदललं आणि वाटेत मोठा चढ आला, तर पुन्हा लावता येईल. माझा डबा पलंगाखाली आहे.