पडदा वर जाण्याआधीचा श्वास

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सातवीतला एक मुलगा रंगमंचावर गेला आणि थिजला. तालमीत त्याचे संवाद अगदी तोंडपाठ होते. मी विंगेतून कुजबुजले, "घाबरू नकोस, मोठ्याने बोल!" त्याने निम्मेच ऐकले. जीव खाऊन ओरडला, आवाज चिरकला, सभागृह हसले. पुढच्या वर्षी त्याने नाटकात नाव दिले नाही. माझ्या दोन्ही सूचना चुकल्या होत्या, हे मला फार उशिरा कळले.

पहिली सूचना पाळणे त्याच्या हातातच नव्हते. शेकडो डोळे आपल्यावर रोखलेले दिसले की शरीर त्याला धोका समजते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात, श्वास उथळ होतो. पळून जायचे असेल तर ही तयारी उत्तमच. संवाद म्हणायचे असतील तर पंचाईत. बरे, हृदयाला 'हळू चाल' असा हुकूम देता येत नाही. श्वासाचे तसे नाही. तो झोपेत आपोआप चालतो आणि जागेपणी मनात आणले तर आवरताही येतो. नटाच्या तयारीत श्वासाला एवढे महत्त्व का, ते इथे कळते.

वर्गात करून पहा. मुलांना मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्यायला आणि सोडायला सांगा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना संथ. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हा फरक अधिक जाणवतो. मेंदूतून निघणारी व्हेगस ही चेता हृदयाला लगाम घालत असते. श्वास घेताना तो लगाम सैल होतो, सोडताना आवळला जातो. म्हणून उच्छ्वास लांबवायचा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. दोन-तीन मिनिटे पुरतात. कोणाला गरगरल्यासारखे वाटले तर लगेच थांबवावे.

भीतीबरोबर स्नायूही आखडतात. मॉस्को आर्ट थिएटरचे (स्थापना १८९८) एक संस्थापक स्तानिस्लावस्की यांच्या 'अॅन अॅक्टर प्रिपेअर्स' (१९३६) या पुस्तकात एक गमतीचा प्रसंग आहे. शिक्षक विद्यार्थ्याला पियानोचा कोपरा उचलून धरायला सांगतात आणि विचारतात, ३७ गुणिले ९ किती? उत्तर येत नाही. पियानो खाली ठेवल्यावर येते. आपल्याकडे पियानो नसला तरी बाक आहे, आणि पाढे तर आहेतच! आखडलेले शरीर लक्षाचा केवढा वाटा खाऊन टाकते, हे मुलांना एका मिनिटात पटते.

आता माझी दुसरी चूक. 'मोठ्याने' म्हटले की मुले गळा आवळतात. खरे तर आवाज म्हणजे उच्छ्वासच. फुप्फुसांतून येणारी हवा स्वरतंतूंना कंप पावायला लावते. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण ११० ते १२० वेळा, स्त्रियांचे २०० च्या आसपास एकमेकांवर आपटतात. पस्तीस मिनिटांच्या तासात बाईंचा निम्मा वेळ बोलण्यात गेला असे धरले, तरी दोन लाखांवर आघात होतात. (नटाला निदान रोज सहा प्रयोग नसतात!) आवाज मोठा करायला खालून हवेचा दाब हवा आणि तोंड मोकळे हवे, मानेच्या शिरा ताणून काही साधत नाही. उताणे झोपून पोटावर पुस्तक ठेवा. श्वास घेताना पुस्तक वर आले, तर श्वासपटल खाली सरकून नीट काम करते आहे. मग ओठ मिटून गुणगुणा. ओठांवर, नाकापाशी झिणझिण्या यायला हव्यात. पेलाभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढणे ही आणखी चांगली युक्ती. तोंडातला दाब वाढतो, त्यामुळे स्वरतंतू कमी जोराने आपटतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर मात्र घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, मग तो नट असो वा शिक्षक.

राहिले मन. त्याच पुस्तकात एका विद्यार्थिनीला पडद्यात अडकवलेली पिन शोधायला सांगतात. ती छाती पिटत, सैरावैरा धावत शोधण्याचा आव आणते. पिन सापडत नाहीच. पिन मिळाली नाही तर शाळा सोडावी लागेल असे बजावल्यावर ती घडी न् घडी तपासू लागते, आणि बघणाऱ्यांना तेच खरे वाटते. म्हणून आता मी 'दुःखी दिस' असे सांगत नाही. 'आजोबांची चिठ्ठी शोध' असे सांगते. शोधण्यात गुंतलेल्या मुलाला प्रेक्षकांकडे बघायला सवड कमी मिळते.

हल्ली तिसऱ्या घंटेआधी आमची मुले विंगेत पाच मिनिटे गुणगुणत उभी असतात. बाहेर पालकांना वाटते, मधमाश्यांचे पोळे लागले की काय!